उघड्या रानातील ठेवा

इ. स. २००० च्या मे महिन्याच्या ३ तारखेस अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात, पोर्टलँड शहरापासून फार दूर नसलेल्या बीव्हरक्रीक नावाच्या वस्तीलगतच्या रानात, डेव्ह उल्मर या संगणक-तंत्रज्ञाने एक काळी बादली नेऊन ठेवली. बादलीत एक वही व पेन्सिल, काही पुस्तके, काही चित्रफिती, संगणकाच्या आज्ञावल्या, एक गलोल आणि शिजवलेल्या घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबा असा विक्षिप्त संसार होता. बादली ठेवून घरी आल्यावर त्याने उपग्रहांच्या साह्याने स्थान शोधण्याच्या विद्येत रस असणाऱ्या मंडळींच्या संगणकीय चर्चागटात एक निवेदन प्रसिद्ध केले. बादली कोठे आहे हे सांगताना त्याने ना रस्त्याचे नाव दिले, ना झाडाची खूण. त्याने दिले ते केवळ आकडे: उत्तर अक्षांश ४५ अंश १७.४६० मिनिटे, पश्चिम रेखांश १२२ अंश २४.८०० मिनिटे. ज्यास सापडेल त्याने आतले काही घ्यावे, आपले काही ठेवावे आणि वहीत नोंद करावी, एवढीच त्याची अट होती.

अक्षांशाच्या एका मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर दोन मीटरांहूनही थोडे कमी अंतर. म्हणजे उल्मरने परक्या माणसास जो पत्ता दिला, तो घराचा नव्हे, खोलीचाही नव्हे, तर खोलीतल्या खाटेचा होता! असा पत्ता त्यापूर्वी चारच दिवस आधी कोणी दिला असता तर तो निरर्थक ठरला असता. तो अर्थपूर्ण कसा झाला आणि त्या पत्त्यावर परकी माणसे विश्वासाने का गेली, हे या लेखाचे दोन प्रश्न आहेत.

प्रथम नावाचा उलगडा केला पाहिजे. या छंदास आज जगभर ‘जिओकॅशिंग’ म्हणतात. ‘जिओ’ म्हणजे पृथ्वी, हे भूगोल शिकलेल्यास सांगावयास नको. ‘कॅश’ मात्र आपल्या पेढीवरची रोकड नव्हे. लपविणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो शब्द आला आहे. उत्तर अमेरिकेच्या अरण्यांत केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी हिंडणारे फ्रेंच शिकारी परतीच्या वाटेवर उपयोगी पडावी म्हणून जी शिधासामग्री पुरून वा दडवून ठेवीत, तिला ते हा शब्द लावीत. उल्मरच्या बादलीस आरंभी जो इंग्रजी शब्द वापरला जाई, त्याला चोरट्या मालाचा आणि अमली पदार्थांचा वास येत होता. म्हणून त्याच महिन्याच्या ३० तारखेस मॅट स्टम यांनी हे नवे नाव सुचविले व ते रूढ झाले. मराठीत आपण ‘ठेवशोध’ म्हणावयास हरकत नाही. ‘खजिना’ हा शब्द मी मुद्दाम टाळतो. खजिना ज्याला सापडतो त्याचा होतो. येथे सापडलेली वस्तू होती तेथेच परत ठेवावयाची असते, आणि या खेळाचे सारे मर्म त्यातच आहे.

हे मर्म उल्मरचे नव्हे, आणि अमेरिकेचेही नव्हे. त्यासाठी आपणांस दीडशे वर्षे मागे, इंग्लंडच्या नैर्ऋत्येस असलेल्या डेव्हन परगण्यात जावे लागते. तेथे डार्टमूर नावाचे एक विस्तीर्ण पठार आहे. झाडे थोडी, दलदल फार, मधूनमधून उभ्या असलेल्या ग्रॅनाइटच्या शिळा, आणि क्षणात उतरून वाट पुसून टाकणारे धुके. कॉनन डॉइलने आपल्या भुताळ्या शिकारी कुत्र्याची कथा या पठारावर घडविली, ती उगीच नव्हे. या पठाराच्या उत्तर भागात क्रॅनमिअर पूल नावाची जागा आहे. नाव तळ्याचे, परंतु तळ्यात पाणी नाही. काळ्या कुजट मातीचा एक खळगा तेवढा उरला आहे. ओकहॅम्पटनच्या एका मृत नगराध्यक्षाच्या पिशाचास हे तळे चाळणीने उपसण्याची शिक्षा झाली, त्याने मेलेल्या मेंढीचे कातडे चाळणीस आतून लावून तळे कोरडे केले, अशी दंतकथा तेथील लोक सांगतात. चाळणीने पाणी भरण्याची म्हण आपल्याकडे निष्फळ कामासाठी वापरतात. डेव्हनच्या भुताने मात्र त्यातूनही तोड काढली!

या कोरड्या तळ्यापर्यंत पोहोचणे हेच मोठे काम होते. चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट हा वाटाड्या हौशी प्रवाशांस तेथे घेऊन जाई. १८५४ साली त्याने तेथे एक बाटली ठेवली. जो पोहोचेल त्याने आपल्या नावाची चिठ्ठी तीत टाकावी, म्हणजे पुढे येणाऱ्यास कळावे की, येथवर अमुक येऊन गेला. त्या काळी सभ्य इंग्रज माणूस कोणाच्या घरी भेटीस गेला आणि यजमान घरी नसला, तर आपल्या नावाचे छापील पत्र ठेवून परते. पेरटने जणू ओसाड रानालाच यजमान केले. बाटलीच्या जागी पुढे पेटी आली, १९०५ साली वही आली, मग रबरी शिक्काही आला, आणि १९३७ साली एका वृत्तपत्राच्या साह्याने तेथे पक्के दगडी खोपटे बांधण्यात आले. १९३८ साली डार्टमूरचा वर्णनकार विल्यम क्रॉसिंग याच्या स्मरणार्थ पठाराच्या दक्षिण भागात डक्स पूल येथे आणखी एक पेटी ठेवण्यात आली.

यांतील एक प्रथा मला सर्वांत अधिक लक्षणीय वाटते. पेटीपर्यंत पोहोचलेला माणूस स्वतःचाच किंवा आप्ताचा पत्ता घातलेले, तिकीट लावलेले पत्र तेथे ठेवी. मागाहून येणारा पांथस्थ ते उचली, आपले पत्र ठेवी, आणि उचललेले पत्र आपल्या गावी जाऊन टपालात टाकी. पत्र किती दिवसांनी पोहोचेल याचा नेम नसे. चार दिवसांनी कोणी येई, हिवाळ्यात महिनाभर कोणी फिरकतही नसे. पण ते पत्र पोहोचे तेव्हा त्यावर कोणत्या तरी अनोळखी गावचा शिक्का असे, आणि आपल्यामागून कोण तेथे गेले याची ती मूक खबर असे. यावरूनच या छंदास ‘लेटरबॉक्सिंग’, म्हणजे टपालपेटीचा खेळ, हे नाव पडले. ज्याचे तोंड आपण कधी पाहिले नाही व पाहणार नाही, तो आपले पत्र फाडून फेकणार नाही, एवढ्या एका गृहीतावर हे टपालखाते चालले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पेट्यांची संख्या झपाट्याने वाढली. शेकडो, मग हजारो झाल्या. पठारावर जागोजाग खणाखणी होऊ लागली, जुन्या दगडी अवशेषांतून डबे खुपसले जाऊ लागले, आणि १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान ठरलेल्या या भूमीच्या रक्षकांस नियम करणे भाग पडले. आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. क्रॅनमिअर पूल हे सैन्याच्या गोळीबाराच्या क्षेत्रात मोडते. ज्या दिवशी सराव चालू असतो त्या दिवशी टेकड्यांवर लाल निशाणे चढतात, आणि पेटीचा नाद लागलेल्याने मुकाट्याने घरी बसावे लागते. सैन्य आणि हा निरुपद्रवी छंद यांची गाठ येथून जी पडली, ती पुढेही सुटली नाही.

डार्टमूरच्या पेटीचा पत्ता देण्याची रीत निराळी होती. अमुक शिळेचे टोक होकायंत्रावर इतक्या अंशांवर दिसावे, तमुक टेकडीची कड इतक्या अंशांवर, आणि तेथून इतकी पावले. हा पत्ता ज्याला नकाशा व होकायंत्र यांचा सराव आहे त्याच्याच उपयोगाचा. इतरांस पेरटसारखा वाटाड्या हवा. स्थान जाणणे हे कसब होते, आणि थोरल्या प्रमाणावर ते राज्यकर्त्यांचे कसब होते. याचे सर्वांत भव्य उदाहरण आपल्याच देशात घडले. पेरटने बाटली ठेवली त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५६ साली, हिमालयातील ‘पंधराव्या शिखरा’ची उंची २९,००२ फूट असल्याचे हिंदुस्थानच्या महासर्वेक्षकाने जाहीर केले. ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून हा आकडा निघाला, त्याचा आरंभ १८०२ साली मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ विल्यम लँबटन याने सुमारे साडेसात मैलांची एक रेषा साखळीने मोजून केला होता.

लँबटनचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे यंत्र, हे माणसांच्या खांद्यांवरून दक्षिणभर हिंडले. कावेरीच्या सपाट खोऱ्यात टेकड्या नाहीत, म्हणून तेथे देवळांच्या शिखरांवरून कोन घ्यावे लागले. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळावर ते यंत्र चढविताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे मोजणीचे वर्तुळ वाकले. त्या वेळी तंजावरच्या गादीवर सरफोजीराजे भोसले होते. देवळाच्या भिंतीवर आपल्या घराण्याचा मराठी इतिहास कोरवून घेणारा आणि स्वतः पाश्चात्त्य शास्त्रांचा व्यासंगी असा हा राजा. त्याच देवळात इंग्रजांचे यंत्र मोडावे, हा योग इतिहासात क्वचितच जुळतो. लँबटनने तंबूत स्वतःस कोंडून घेऊन सुमारे सहा आठवड्यांत ते वर्तुळ ठोकून ठोकून पूर्ववत केले. पुढे १८२३ च्या जानेवारीत, हैदराबादहून नागपुराकडे जात असता, वर्ध्याजवळील हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. त्याचे थडगे तेथेच आहे.

या सर्वेक्षकांनी आपले बिंदू खडकावर किंवा जमिनीत रोवलेल्या दगडावर कोरून ठेवले, वर चौथरे बांधले. त्यांचे आकडे मात्र दफ्तरात राहिले. ज्या जमिनीवर रयत पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरीत होती, त्या जमिनीचे नेमके स्थान रयतेस ठाऊक नव्हते, सरकारास ठाऊक होते. स्वातंत्र्यानंतरही ही वृत्ती लगेच पालटली नाही. सीमेलगतचे व किनाऱ्यालगतचे तपशीलवार नकाशे सामान्य नागरिकास सुखासुखी मिळत नसत. २००५ च्या धोरणाने जनतेसाठी व संरक्षणासाठी नकाशांच्या दोन वेगळ्या मालिका केल्या, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत भारतीयांवरील नकाशे करण्याची बहुतेक बंधने उठविली गेली. आपण कोठे उभे आहोत हे अचूक जाणण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वाटतो तितका पंडिती नाही.

तोच प्रश्न अमेरिकेत उपग्रहांच्या रूपाने उभा राहिला. ‘जीपीएस’ या नावाने आज पोरासोरांस परिचित असलेली योजना अमेरिकी संरक्षण खात्याने १९७३ साली हाती घेतली, आणि पहिला उपग्रह १९७८ साली सोडला. तिचे तत्त्व सांगावयास सोपे, साधावयास कठीण. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणारे दोन डझन उपग्रह अणुघड्याळाची वेळ सतत घोषित करतात. ती घोषणा आपल्यापर्यंत पोहोचण्यास किती विलंब लागला त्यावरून उपग्रहाचे अंतर कळते, आणि चार उपग्रह ऐकू आले की आपले स्थान ठरते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे जमिनीवर तीनशे मीटरांची चूक. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाप्रमाणे वरची घड्याळे खालच्यांहून दिवसाकाठी अशा ३८ भागांनी पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात अकरा किलोमीटरांचे अंतर पडावे. इतक्या सूक्ष्म गणिताचा मूळ हेतू मात्र स्थूल होता: बॉम्ब नेमका पडावा.

१९८३ च्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस कोरियाचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले. ते पाडण्यात आले आणि २६९ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केले की, ही योजना पुरी झाल्यावर जगातील नागरी वाहतुकीस ती विनामूल्य खुली होईल. वचन पाळले गेले, पण हातचे राखून. १९९० पासून नागरी संकेतात बुद्धिपुरस्सर चूक मिसळली जाऊ लागली. सैन्यास अचूक आकडा, इतरांस शंभर मीटरांपर्यंत चुकणारा! या धोरणाची फजितीही लवकरच झाली. १९९१ च्या आखाती युद्धात सैनिकी यंत्रे पुरेनात, म्हणून बाजारातली नागरी यंत्रे सैनिकांच्या हाती द्यावी लागली. आपलीच मुले आपल्याच चुकीने वाळवंटात भरकटू नयेत म्हणून ती चूक काही महिने बंद ठेवावी लागली. पुढे तर अमेरिकेचे तटरक्षक दल जहाजांच्या सोयीसाठी दुरुस्तीचे संकेत प्रसारित करू लागले. एक खाते सरकारी खर्चाने चूक घालीत होते आणि दुसरे खाते सरकारी खर्चाने ती काढीत होते. नोकरशाहीचा हा विनोद केवळ आपल्याच देशात घडतो, असे मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

अखेर २००० च्या मेच्या १ तारखेस अध्यक्ष क्लिंटन यांनी ही मिसळलेली चूक बंद करण्याची आज्ञा जाहीर केली, आणि त्याच मध्यरात्री ती अमलात आली. आवश्यक तेथे, त्या त्या प्रदेशापुरता संकेत नाकारण्याची शक्ती सैन्याने सिद्ध केली होती, म्हणून हे औदार्य परवडले, हेही सांगितले पाहिजे. परंतु सामान्य माणसाच्या दृष्टीने जे घडले ते विलक्षण होते. शंभर मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे जवळजवळ आठ एकर रान. दहा मीटरांचे वर्तुळ म्हणजे तीन गुंठे. आदल्या संध्याकाळी ज्याच्या हातातील यंत्र ‘तू या आठ एकरांत कोठे तरी आहेस’ असे सांगत होते, तेच यंत्र सकाळी ‘तू या तीन गुंठ्यांत आहेस’ असे सांगू लागले. त्याने नवे यंत्र घेतले नाही, एक पै खर्च केली नाही. आठ एकरांच्या झाडीत बादली शोधणे हा वेडेपणा होय. तीन गुंठ्यांत शोधणे हा खेळ होय. उल्मरने ३ मे रोजी बादली का ठेवली, याचे उत्तर हे असे आहे.

तीन दिवसांच्या आत दोघे जण बादलीपर्यंत पोहोचले. त्यांतील पहिले माइक टीग यांनी अशा ठेव्यांची यादी ठेवण्यास आरंभ केला. महिन्याभरात इतर राज्यांत व समुद्रापलीकडेही डबे लपविले गेले. जेरेमी आयरिश यांनी त्याच वर्षीच्या २ सप्टेंबरला या छंदाचे स्वतंत्र संकेतस्थळ जाहीर केले, तेव्हा जगात ज्ञात ठेवे ७५ होते. आज ते तीस लाखांच्या घरात आहेत. २००८ साली रिचर्ड गॅरियट या प्रवाशाने अंतराळस्थानकावरही एक ठेवा नेऊन ठेवला. तो मला केवळ श्रीमंती थाट वाटतो, कारण तेथवर चालत जाता येत नाही.

डार्टमूरच्या मंडळींचा एक आक्षेप मात्र विचारात घेण्यासारखा आहे. यंत्राने स्थान सांगितल्यावर शोधण्यात पुरुषार्थ तो कोणता? माझ्या मते यंत्र तीन गुंठ्यांपर्यंत आणून सोडते आणि तेथेच त्याची मती कुंठित होते. पुढे डोळे लागतात. दगडांची रास निसर्गाने रचली आहे की माणसाने, सालीचा तुकडा झाडाचा आहे की चिकटविलेला, हे उपग्रह सांगत नाही. पेरटच्या काळी सारे कौशल्य वाटेत होते, आता ते अखेरच्या दहा पावलांत आले आहे. कौशल्याची जागा बदलली, एवढेच.

ज्या वाचकास हा छंद आरंभावयाचा असेल त्यास आज स्वतंत्र यंत्राचीही गरज नाही, खिशातला फोन पुरतो. आपल्या भागातील ठेव्यांची यादी पाहावी. प्रत्येकास शोधाचे काठिण्य व वाटेचे काठिण्य यांसाठी एक ते पाच तारे दिलेले असतात. प्रथम दोन्ही बाबतींत एक-दीड ताऱ्याचाच, डब्याचा आकार बरा असलेला आणि अलीकडे कोणास तरी सापडल्याची नोंद असलेला ठेवा निवडावा. बाटलीच्या बुचाएवढ्या डब्यामागे पहिल्याच दिवशी लागणारा माणूस बहुधा दुसऱ्या दिवशी छंद सोडतो. बरोबर पेन्सिल न्यावी, कारण डब्यात ती असेलच असे नाही. वाटसरूंच्या देखत डबा उघडू नये. या मंडळीत खेळाबाहेरच्या माणसास ‘मगल’ म्हणतात, हे नाव हॅरी पॉटरच्या कथांतून उचललेले आहे. वहीत नाव व तारीख घालावी, वस्तू घेतल्यास तिच्या तोलाची किंवा अधिक मोलाची ठेवावी, आणि डबा होता तसाच लपवावा, आपल्या मते अधिक चांगला नव्हे. खाद्यपदार्थ ठेवू नयेत. उल्मरच्या घेवड्याचे अनुकरण कोणी करू नये, कारण वासाने जनावरे येतात. स्वतः ठेवा लपविण्याची घाई तर मुळीच करू नये. दहा-वीस ठेवे शोधल्यावाचून चांगला ठेवा कसा असतो हे कळत नाही. लपवावयाचा तर जमिनीच्या मालकाची अनुमती घ्यावी, खणून पुरू नये, दुसऱ्या ठेव्यापासून किमान १६१ मीटर अंतर राखावे, आणि पावसाळ्यानंतर जाऊन वही ओली झाली काय ते पाहावे. या कामी सर्वांत पसंतीचा डबा म्हणजे सैन्याने टाकून दिलेली काडतुसांची पत्र्याची पेटी, कारण तिच्यात पाणी शिरत नाही.

आता अडचणीची गोष्ट. पेरटच्या बाटलीकडे पाहून कोणास भय वाटले नसेल. आमचा काळ निराळा आहे. २०११ साली इंग्लंडमधील वेदरबी गावात अशाच एका डब्यामुळे पोलिसांना संशय आला, रस्ता मोकळा करण्यात आला आणि स्फोटकतज्ज्ञांच्या पथकाने तो बिचारा डबा उडवून दिला. आपल्याकडे तर रेल्वे स्थानकांवर बेवारस वस्तूस हात लावू नका, तो बॉम्ब असू शकतो, ही घोषणा ऐकतच एक पिढी मोठी झाली आहे. ज्यांनी बाजारपेठांतले आणि लोकलगाड्यांतले स्फोट पाहिले आहेत, त्यांना आपण परक्याच्या डब्यावर विश्वास ठेवा असे कोणत्या तोंडाने सांगावे? युरोप-अमेरिकेच्या मानाने भारतात हे ठेवे विरळ आहेत, त्याचे एक कारण हे भयही असावे असे मला वाटते, आणि त्या भयास हसण्याचे धाडस मी करणार नाही. त्यावर उपाय इतकाच की, डबा पारदर्शक असावा, त्यावर तो काय आहे हे प्रांताच्या भाषेत ठळक लिहावे, आणि स्थानक, सरकारी कचेरी, पूल, शाळा, देऊळ-मशीद व लष्करी वस्ती यांच्या आसपास तो ठेवूच नये. हैदराबाद, बंगळूर, दिल्ली येथे राहणाऱ्या आपणा मराठी मंडळींनी तर जवळच्या दुकानदारास आधी सांगून ठेवावे. परप्रांतात झुडपात हात घालून बसलेला मनुष्य आपली बाजू मोडक्या तेलुगूत किंवा कानडीत किती पटवून देऊ शकेल? आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. उपग्रहाचे केवळ ऐकणारे यंत्र वापरण्यास आपल्याकडे अडचण नाही, परंतु उपग्रहाशी बोलणारे यंत्र परवान्यावाचून जवळ बाळगणे गुन्हा ठरतो, आणि या भेदाच्या अज्ञानापायी परदेशी प्रवासी अडचणीत आले आहेत.

जेथे डबा ठेवणे इष्ट नाही अशा जागांसाठी एक शाखा २००४ पासून रूढ झाली आहे. अमेरिकेच्या भूविज्ञान संस्थेच्या पुरस्काराने ‘अर्थकॅश’ नावाचा प्रकार निघाला. त्यात लपविलेले काहीच नसते. दिलेल्या आकड्यांवर जावयाचे, तेथील खडक, ओघळ वा थर नीट पाहावयाचे, आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मांडणाऱ्यास कळवावयाची. सह्याद्रीचे कातळ, हैदराबादेतील एकावर एक तोललेले ग्रॅनाइटचे गोटे, सेंट थॉमस माउंटचा चार्नोकाइट दगड यांच्यासाठी याहून योग्य रीत सुचत नाही. कोणाचे रान उकरावे लागत नाही, कोणा पहारेकऱ्याची झोप उडत नाही. हिंगणघाटच्या त्या थडग्याशी खडकाचा संबंध नसल्यामुळे ते या प्रकारात बसणार नाही. तरीही नागपुराकडे जाता-येता कोणास सवड झाली, तर फोनवर अक्षांश-रेखांश उघडून तेथे दोन क्षण उभे राहावे. वीस वर्षे खांद्यांवरून यंत्र वाहवून लँबटन जे आकडे शोधीत होता, ते तेथे हातातल्या हातात दिसतील.